आधी नाव नीट लिहू द्या

साहित्य संस्था, सार्वजनिक वाचनालये, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे संघ, परदेशातली महाराष्ट्र मंडळे, दिवाळी अंक अशांच्या वेबसाइटवर एक गोष्ट अधूनमधून दिसते. लेख चांगला असतो, त्यामागची मेहनत जाणवते, आणि लेखकाच्या नावाच्या जागी मात्र दहा आकडी मोबाइल नंबर झळकत असतो.

हा नंबर तिथवर कसा पोचला याचा माग काढला, की प्रोफाइलच्या पानावर नव्या माणसाची किती दमछाक होते ते कळते. यांतल्या पुष्कळ वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या प्रणालीवर चालतात. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट तिच्यावरच उभ्या आहेत. वर्डप्रेसमध्ये सदस्य म्हणून नोंदणी करताना मुळात दोनच गोष्टी विचारल्या जातात : युजरनेम आणि ईमेल. नवा माणूस युजरनेमच्या रकान्यात आपले नाव देवनागरीत लिहितो. ते नामंजूर होते, कारण तिथे रोमन अक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हेच चालतात. मग तो रोमन लिपीत नाव लिहितो; ते आधीच कोणीतरी घेतलेले असते. हाताशी असलेली आणि दुसऱ्या कोणाची असूच शकणार नाही अशी एक गोष्ट उरते, ती म्हणजे मोबाइल नंबर. तो स्वीकारला जातो. पुढे त्याचा लेख प्रसिद्ध होतो तेव्हा लोकांना दिसणारे नाव म्हणून हे युजरनेमच छापले जाते. आणि एकदा ठरलेले युजरनेम सदस्याला बदलता येत नाही.

लोकांना दिसणारे नाव बदलता येते, पण त्याची वाट आडवळणाची आहे. प्रोफाइलच्या पानावर आधी नाव आणि आडनाव यांचे दोन रकाने भरायचे, मग खाली ‘सार्वजनिकरीत्या दिसणारे नाव’ अशी एक यादी उघडायची, तिच्यात आता नव्याने आलेला पर्याय निवडायचा आणि पानाच्या अगदी तळाशी जाऊन बटण दाबायचे. नाव-आडनाव भरेपर्यंत त्या यादीत निवडण्यासारखे फारसे काही नसते. त्यामुळे ज्याने आधी यादी उघडून पाहिली, तो ‘इथे काही होत नाही’ असे समजून निघून जातो. एवढे सगळे जमले तरी लेखकाच्या पानाच्या पत्त्यात तो नंबर तसाच राहतो, कारण तो पत्ता युजरनेमवरून बनलेला असतो.

यात सदस्याची काहीच चूक नाही. त्याला युजरनेम विचारायलाच नको होते. वर्डप्रेसमध्ये २०१६ पासून ईमेल टाकूनही लॉगिन करता येते, म्हणजे युजरनेम लक्षात ठेवण्याची गरज सदस्याला उरलेली नाही. नोंदणीच्या फॉर्ममधून तो रकाना काढून टाकावा, युजरनेम पडद्यामागे आपोआप तयार होऊ द्यावे, आणि त्याच्या जागी ‘तुमचे नाव’ असा साधा रकाना ठेवून तेच नाव लोकांना दिसेल अशी व्यवस्था करावी. वेबसाइट सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरला हे काम अवघड नाही, आणि यासाठी तयार प्लगिनही (वेबसाइटला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) मिळतात. संस्थेच्या कार्यकारिणीने वेबसाइटसाठी एकच सुधारणा मंजूर करायची ठरवली, तर ती हीच असावी.

आता प्रोफाइलचे पान नव्या सदस्याच्या डोळ्यांनी वरून खाली पाहावे. वर्डप्रेसच्या मूळ पानावर लेखन करणाऱ्या सदस्याला सर्वांत आधी भेटतात ते एडिटरबद्दलचे पर्याय, मग प्रशासकीय पानांचे रंग, मग वरची पट्टी दाखवायची की नाही याची खूण. नाव त्यानंतर येते. त्याच्या खाली टोपणनाव, आणि ते सक्तीचे! पुढे ईमेल, वेबसाइट, स्वतःविषयी चार ओळी, फोटो, पासवर्ड आणि शेवटी ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ हे २०२० साली आलेले प्रकरण, जे बाहेरच्या सॉफ्टवेअरला जोडणी देण्यासाठी असते आणि कवितासंग्रह पाठवायला आलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. हा क्रम वेबसाइट बांधणाऱ्याच्या सोयीचा आहे. ज्याला आपले नाव आणि फोटो नीट करायचा आहे, त्याला या पानावर आपले काम शोधत फिरावे लागते.

सामान्य सदस्याला प्रशासकीय पानावर पाठवूच नये, हा यावरचा चांगला उपाय. वेबसाइटच्या नेहमीच्या मांडणीतच ‘माझी माहिती’ असे वेगळे पान करावे. बडीप्रेससारख्या प्लगिनमध्ये ही सोय आहे, आणि त्यात प्रत्येक रकान्यापुरते ठरवता येते की तो सगळ्यांना दिसावा, फक्त सदस्यांना दिसावा की फक्त स्वतःला. जिथे एवढे करणे शक्य नसेल, तिथे निदान रंग, पट्टी आणि ॲप्लिकेशन पासवर्ड हे विभाग सामान्य सदस्यापुरते लपवावेत. थोड्याशा कोडने हे होते.

जादा रकाना निरुपद्रवी असतो, भरायचा तो भरेल, नाही तो सोडून देईल, असे अनेकांना वाटते. एक्सपीडिया या प्रवास-आरक्षणाच्या कंपनीला याची किंमत आकड्यांत कळली. पैसे भरण्याच्या फॉर्मवर नावाच्या खाली ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. कार्डाने पैसे भरताना आलेला हा प्रश्न पाहून काही ग्राहकांना वाटले, की इथे आपल्या बँकेचे नाव हवे आहे. त्यांनी ते लिहिले. मग साहजिकच पुढच्या पत्त्याच्या रकान्यात त्यांनी बँकेचा पत्ता लिहिला, तो कार्डधारकाच्या पत्त्याशी जुळेना आणि व्यवहार फसू लागले. कंपनीने तो एक रकाना काढून टाकला. त्यातून वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा नफा वाढला, असे कंपनीच्या विश्लेषण विभागाने २०१० साली सांगितले होते. रकाना ऐच्छिकच होता, हे इथे विसरता कामा नये.

जॅरेड स्पूल या वेबसाइट-तज्ज्ञाने २००९ साली लिहिलेला एक किस्सा या क्षेत्रातल्या लोकांना तोंडपाठ आहे. एका मोठ्या विक्री-वेबसाइटवर खरेदी संपवण्याआधी खाते उघडण्याची सक्ती होती. ती उठवून ‘पुढे चला’ एवढेच बटण ठेवले, आणि खरेदी पूर्ण करणारे ग्राहक ४५ टक्क्यांनी वाढले. लोक वस्तू घ्यायला आले होते, नाते जोडायला नव्हे, असा त्याचा मथितार्थ. वाचनालयाच्या वेबसाइटवर आलेला माणूसही पुस्तक राखून ठेवायला येतो. त्याचा रक्तगट, व्यवसाय, शिक्षण आणि छंद हे त्या क्षणी विचारले, तर तो काहीतरी खोटे भरतो किंवा निघून जातो. रक्तदान शिबिर भरवणाऱ्या मंडळाला रक्तगट लागेल, पण शिबिराची नोंदणी करताना. कोजागिरीच्या जेवणाला किती पाने वाढायची ते त्या कार्यक्रमाच्या फॉर्मवर विचारावे. जो प्रश्न ज्या कामासाठी आहे, तो त्या कामापाशीच विचारला तर उत्तर खरे मिळते.

इथे कायद्याचीही बाजू आहे, आणि छोट्या संस्थांनी ती आपल्यासाठी नाही असे समजू नये. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात संमती सांगितलेल्या कामापुरती आणि त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे : दूरवैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधली संपर्क-यादी मागितली आणि माणसाने होकार दिला, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नसल्याने ती संमती तेवढ्यापुरती ग्राह्य नाही. कलम १२ प्रमाणे आपली माहिती दुरुस्त करण्याचा, पूर्ण करण्याचा, अद्ययावत करण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क माणसाला मिळतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि मराठी त्या अनुसूचीत आहेच. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. बालवाचक विभाग चालवणाऱ्या वाचनालयांनी हे आधी पाहावे. वर्डप्रेसमध्ये सदस्याची माहिती एकत्र करून त्याला देण्याची आणि पुसण्याची साधने २०१८ पासून आहेत. ती प्रशासकाच्या साधनांत पडून राहतात. ‘माझी माहिती’ या पानाच्या तळाशी ‘माझे खाते बंद करा’ अशी ओळ असली आणि ती या साधनांना जोडलेली असली, तर कार्यालयात अर्ज घेऊन यायची पाळी कोणावर येणार नाही.

सगळ्यांत जास्त घोळ नावातच होतो.

बहुतेक फॉर्म ‘पहिले नाव’ आणि ‘शेवटचे नाव’ असे दोन रकाने देतात. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापले जाते. पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या हजेरीपटावर आडनावाने सुरुवात करणाऱ्या माणसाने ‘पहिले नाव’ या रकान्यात आडनाव लिहिले, तर त्याने प्रश्नाचे अगदी बरोबर उत्तर दिलेले असते. मग वेबसाइट त्याला ‘नमस्कार, कुलकर्णी’ असे म्हणते आणि पत्रांवर नाव उलटे छापले जाते. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव कुठे घालायचे हा दुसरा प्रश्न. कोणी ते पहिल्या रकान्यात घालतो, कोणी दुसऱ्यात. त्यात राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाचा शासकीय कागदपत्रांतला क्रम मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा चार भागांचा आहे. ही मुले वाचनालयाचे सभासद होतील तेव्हा दोन रकान्यांत चार नावे कशी बसवणार? जातीची ओळख नको म्हणून आडनाव न लावणारे, आईचेच नाव लावणारे, तमिळ पद्धतीने नावाआधी फक्त आद्याक्षर लावणारे असे लोकही याच राज्यात राहतात. आडनावाचा रकाना सक्तीचा केला, की त्यांना तिथे एक टिंब टाकून पुढे जावे लागते.

ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटसाठी तयार केलेल्या मार्गदर्शक संचात नावासाठी शक्यतो एकच रकाना ठेवण्याचा सल्ला आहे. मराठी वेबसाइटना तो अगदी चपखल बसतो. ‘तुमचे नाव (जसे छापून यायला हवे तसे)’ असा एकच रकाना, आणि त्याच्याखाली ‘तुम्हाला पत्रात काय म्हणून संबोधावे?’ असा दुसरा, ऐच्छिक. पावतीसाठी किंवा करसवलतीच्या प्रमाणपत्रासाठी कागदोपत्री नाव लागत असेल, तर ते त्या वेळी वेगळे विचारावे. माजी विद्यार्थ्यांच्या संघाने आणखी एक रकाना जरूर द्यावा : ‘शाळेत असतानाचे नाव’. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींना एकमेकींचा शोध लागायचा, तर तो याच रकान्यातून लागतो. मात्र तो कोणाला दिसावा हे तिचे तिला ठरवू द्यावे.

नावाआधीच्या ‘श्री, सौ, श्रीमती, कुमारी’ या यादीची सक्ती बंद करावी. पुरुषाला एकच पर्याय आणि बाईला मात्र लग्न झाले की नाही, नवरा आहे की नाही हे जाहीर करायला लावणारे तीन, हे २१व्या शतकातल्या संस्थेला शोभत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली आहे. या यादीत त्यांना जागाच नसते. यादी ठेवायचीच असेल, तर ती ऐच्छिक ठेवावी आणि डॉक्टर, प्राध्यापक, ॲडव्होकेट असे हवे ते लिहिण्याची मोकळीक द्यावी.

देवनागरीत लिहिलेले नाव संगणकाला कसे दिसते, हे वेबसाइट बनवून घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावे, कारण ‘आमची वेबसाइट मराठीत आहे’ असे म्हणणाऱ्या ठिकाणीही खरी पडझड इथे होते. ‘ज्योत्स्ना’ हे नाव डोळ्यांना दोन जोडाक्षरांचे दिसते. संगणकात सर्व लिप्या लिहिण्याच्या युनिकोड या पद्धतीच्या हिशेबात त्यात १० चिन्हे आहेत, कारण काना, मात्रा आणि अक्षर पाय मोडून जोडणारी प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. साठवण्याच्या यूटीएफ-८ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत यातल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण ३०. ‘ज्योत्स्ना पुरुषोत्तम कुलकर्णी’ एवढ्याला ८६ बाइट होतात. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून ५० बाइटची मर्यादा घातली, तर हे नाव मध्येच तुटते, आणि सदस्याला त्याचे कारण कळायला काही मार्ग नसतो. नावाची मर्यादा चिन्हांमध्ये मोजावी आणि ती ऐसपैस ठेवावी.

दुसरी अडचण आणखी विचित्र. नावात आकडे किंवा भलतीसलती चिन्हे येऊ नयेत म्हणून प्रोग्रॅमर ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम लिहितो. तो जगातल्या सर्व लिप्यांना लागू होईल असा लिहिला, तरी फसतो. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार हे ‘अक्षर’ या वर्गात नसून ‘खूण’ या वेगळ्या वर्गात मोडतात. परिणामी ‘कमल’ स्वीकारली जाते आणि ‘मीना’ नाकारली जाते. नियमात खुणांचा वर्ग जोडला, की हा दोष जातो. पण कोणी मराठी नावाने तपासूनच पाहिले नाही, तर तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. तपासायला ‘कमल’ पुरेशी नाही. ‘मीना’, ‘ज्योत्स्ना’, ‘श्रीकृष्ण’, ‘ऋतुजा’, ‘कुऱ्हाडे’ अशी नावे लिहून पाहावीत.

‘कुऱ्हाडे’ हे आडनाव मुद्दाम घेतले आहे. त्यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असते. दुसऱ्यात साधा ‘र’, पायमोडी खूण आणि त्यानंतर जोडणी सांगणारे एक अदृश्य चिन्ह असते. दोन्ही दिसायला सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. त्यामुळे सदस्य-यादीत शोध घेतल्यावर अर्धे कुऱ्हाडे सापडतात आणि अर्धे हरवतात. त्याहून वाईट म्हणजे नावातली ‘अनावश्यक’ अदृश्य चिन्हे साफ करणारा प्रोग्रॅम ते जोडणी-चिन्ह उडवतो, आणि माणसाचे आडनाव ‘कुर्हाडे’ होऊन बसते. अदृश्य चिन्हे सरसकट पुसण्याआधी हा दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्यावा. ‘ॲड.’ या वकिलांच्या उपाधीचेही असेच आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या सवयीने ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला आणि नव्या चिन्हाने लिहिलेला ‘ॲ’ शोधताना जुळत नाहीत. साठवतानाच एकरूप करून घेणे हा यावरचा इलाज आहे.

आकड्यांचे तेवढे जिकिरीचे नाही. मराठी कीबोर्डवर माणूस मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत लिहितो आणि वेबसाइट तो ‘अवैध’ ठरवते. देवनागरी आकडे स्वीकारून आतल्या आत बदलून घ्यावेत, नंबरमधल्या मोकळ्या जागा आणि सुरुवातीचे अधिक ९१ स्वतःच काढून टाकावे.

वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०१६ पासून प्रत्येक सदस्याला आपल्यापुरती भाषा निवडता येते, म्हणजे न्यू जर्सीत वाढलेला नातू इंग्रजीत आणि त्याची आजी मराठीत असे एकाच वेबसाइटवर वावरू शकतात. मात्र वेबसाइटवर एकाहून अधिक भाषा बसवलेल्या असल्याशिवाय हा पर्याय दिसतच नाही. मराठी भाषांतर मोफत मिळते. प्रशासकाने ते एकदा बसवायचे असते.

जन्मतारीख खरोखर लागते का, हे आधी स्वतःला विचारावे. वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायच्या असतील तर दिवस आणि महिना पुरे. सवलतीसाठी ज्येष्ठ नागरिक आहे की नाही एवढे कळले तरी भागते. पूर्ण तारीख हवीच असेल, तर दिनदर्शिकेची खिडकी उघडू नये. १९५२ साली जन्मलेल्या माणसाला त्या खिडकीत एकेक महिना मागे जात बसावे लागते. ब्रिटिश सरकारच्या त्याच मार्गदर्शक संचात दिवस, महिना, वर्ष असे टाइप करायचे तीन छोटे रकाने सुचवले आहेत, आणि पाठ असलेल्या तारखेसाठी तेच सर्वांत जलद पडतात. महाराष्ट्रात ज्यांच्या जन्माची नोंद झाली नव्हती अशा असंख्य मुलांची तारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावली. त्यामुळे सदस्य-यादीत १ जूनची गर्दी दिसली तर ती प्रोग्रॅममधली चूक समजून कोणी ‘दुरुस्त’ करू नये.

फोटोबाबत वर्डप्रेसची मूळ पद्धत नव्या माणसाला चक्रावून टाकते. प्रोफाइलवर फोटो चढवायचे बटणच नसते. त्याऐवजी ग्रॅव्हतार या दुसऱ्या वेबसाइटकडे जाणारा दुवा असतो. ही सेवा २००४ साली सुरू झाली, २००७ पासून ती वर्डप्रेसशी जोडलेल्या ऑटोमॅटिक या कंपनीकडे आहे, आणि एकदा फोटो ठेवला की अनेक वेबसाइटवर तोच दिसावा ही तिच्यामागची कल्पना. मंडळाच्या सभासदाला मात्र फोटोसाठी परक्या ठिकाणी आणखी एक खाते उघडावे लागते. स्थानिक फोटो चढवू देणारे प्लगिन बसवावे, फोनमधला मोठा फोटो वेबसाइटने स्वतः लहान करून घ्यावा, आणि फोटोत दडलेली ठिकाणाची माहिती साठवण्याआधी पुसावी. फोटो न लावणाऱ्याला सारखी आठवण करू नये.

याच संदर्भात ‘तुमचे प्रोफाइल ३० टक्के पूर्ण’ या पट्टीविषयी बोलायला हवे. ती परिणामकारक असते यात शंका नाही. जोसेफ नूनेस आणि झेवियर द्रेझ या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोटार धुण्याच्या दुकानात दोन प्रकारची कार्डे वाटली होती. एकावर ८ शिक्क्यांच्या जागा, दुसऱ्यावर १० जागा पण त्यातले २ शिक्के आधीच मारलेले. दोन्हींत गाडी ८ वेळाच धुवायची, तरी पहिल्या गटातल्या १९ टक्क्यांनी आणि दुसऱ्या गटातल्या ३४ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केले. सुरुवात झाली आहे असे दिसले की माणूस पुढे जातो. नोंदणीत दिलेले नाव आणि ईमेल प्रोफाइलवर आधीच भरलेले दाखवणे हा या शोधाचा रास्त उपयोग. ज्या माहितीची संस्थेला गरजच नाही, ती काढून घेण्यासाठी अपुरेपणाची पट्टी दाखवत राहणे हे गैर आहे, आणि ते टाळावे.

माहिती भरण्याइतकीच काळजीपूर्वक आखावी लागते ती माहिती साठवण्याची पायरी. लांबलचक पान आणि तळाशी एकच बटण असले, की फोनवरचा माणूस वरचा रकाना बदलतो आणि बटण न दाबताच परततो. बदल झाला अशी त्याची समजूत असते. प्रत्येक माहितीसमोर ‘बदला’ असा दुवा द्यावा, तो दाबल्यावर तेवढाच रकाना उघडावा आणि त्याच्या लगत ‘सेव्ह करा’ हे बटण असावे. चूक झाल्यास भरलेले बाकी सगळे जसेच्या तसे राहिले पाहिजे. चुकीबद्दलचा संदेश त्या रकान्यापाशीच यावा आणि त्याने उपाय सांगावा. ‘अवैध नोंद’ याने काहीच कळत नाही. ‘मोबाइल नंबर १० आकडी हवा, इथे ९ आकडे आले आहेत’ हे वाचून कोणीही चूक सुधारतो. रकान्याचे नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहू नये, कारण टाइप करायला लागताच ते नाहीसे होते. ते रकान्याच्या वर ठेवावे.

ही शेवटची गोष्ट अंध सदस्यांसाठी तर कळीची आहे. पडदा वाचून दाखवणारा टॉकबॅकसारखा प्रोग्रॅम रकान्याला नीट जोडलेले नाव मोठ्याने सांगतो. ते नसेल तर ‘संपादन चौकट’ एवढेच ऐकू येते. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या २०२३ सालच्या आवृत्तीत, एकाच कामात एकदा दिलेली माहिती पुन्हा भरायला लावू नये, आणि लॉगिनसाठी कोडी सोडवण्याची किंवा पाठांतराची परीक्षा घेऊ नये, असे नवे निकष आले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना, ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवण्याची अट पार करता येत नव्हती. ज्यांनी ती अट घातली, त्यांच्या मनात असा माणूस कधी आलाच नसेल.

म्हणून पान तयार झाले की ते माणसांना वापरायला देऊन पाहावे. जेकब नील्सन या संशोधकाने २००० साली मांडलेला सल्ला छोट्या संस्थांना परवडणारा आहे : पाच जणांकडून वापरून घेतले, तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. हे पाच जण कार्यकारिणीतले नसावेत. एखाद्या निवृत्त शिक्षिका, एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी, दुकान सांभाळून वाचनाची आवड जपणारे कोणी, परदेशात राहणारे कोणी, आणि टॉकबॅक वापरणारे कोणी, असे निवडावेत. प्रत्येकाच्या हातात त्याचाच फोन द्यावा आणि ‘तुमचे नाव देवनागरीत करा’, ‘फोटो लावा’, ‘मोबाइल नंबर फक्त कार्यालयाला दिसेल असे करा’ अशी तीन कामे सांगावीत. मग शेजारी बसून बघावे. मदत करू नये, ‘वर बघा ना’ असे म्हणू नये. बोट कुठे थांबले, कोणता शब्द दोनदा वाचला गेला, मागे जायचे बटण कधी दाबले, हे टिपून घ्यावे. समोरचा अडला की तोंडातून सूचना निघण्याचा मोह फार होतो. तो आवरावा, कारण घरी एकटा बसलेल्या सदस्याला कोणी सूचना देणार नसते.

राहता राहिला ईमेल आणि मोबाइल नंबर बदलण्याचा विषय. वर्डप्रेसमध्ये २०१७ च्या अखेरीपासून सदस्याने ईमेल बदलला, तर आधी नव्या पत्त्यावर पुष्टीचा दुवा जातो आणि तो दाबेपर्यंत जुनाच पत्ता चालू राहतो. टाइप करताना एक अक्षर चुकले, तरी खाते हातचे जात नाही. ओटीपीवर चालणाऱ्या वेबसाइटनी मोबाइल नंबरसाठीही हाच शिरस्ता ठेवावा आणि सोबत दुसरा एखादा संपर्क अवश्य नोंदवून घ्यावा. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांपर्यंत दुसऱ्याला दिला जात नाही. त्यानंतर तो कोणाकडेही जाऊ शकतो. परदेशी मुलाकडे सहा महिने राहून परतलेल्या सभासदाचे सिम तोवर बंद पडलेले असू शकते, आणि त्याच्या खात्याचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. अशा सभासदाने कार्यालयात फोन केल्यावर त्याची ओळख कशी पटवायची आणि नंबर कोणी बदलून द्यायचा, हे एका कागदावर लिहून तो कागद कार्यालयात फोन घेणाऱ्या व्यक्तीच्या टेबलावर ठेवावा.